एफए कप २०२४-२५ : मोबाइल ॲपवर पाहिलेला एक हंगाम

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला बाद पद्धत समजावून सांगावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने पाहता पाहता, एका चुकीने सगळे संपते ही गोष्ट लहानपणीच अंगात मुरते. म्हणूनच इंग्लंडच्या एफए कप या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेसाठी मी एका ॲपचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले आणि जानेवारीतील तिसऱ्या फेरीपासून मेमधील अंतिम सामन्यापर्यंत जमतील तेवढे सामने पाहिले. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो.

मनात सर्वांत खोल रुतला तो १२ जानेवारीचा सामना. पाचव्या श्रेणीतील टॅमवर्थने आपल्या छोट्याशा, कृत्रिम गवताच्या मैदानावर अव्वल श्रेणीतील टॉटनहॅमला पूर्ण ९० मिनिटे गोल करू दिला नाही. जुना नियम असता तर बरोबरीनंतरची फेरलढत टॉटनहॅमच्या ६० हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियमवर झाली असती आणि तिकीटविक्रीतील वाटा टॅमवर्थलाही मिळाला असता. परंतु मुख्य स्पर्धेतील फेरलढती याच हंगामापासून रद्द झाल्यामुळे सामना थेट जादा वेळेत गेला आणि टॉटनहॅमने तो ३-० असा जिंकला. वर्गणी गोळा करून संघ उभा करणाऱ्या तालमी ज्याने जवळून पाहिल्या आहेत, त्याला हा नियम पटणे कठीण आहे. मला तो पटलेला नाही. महिन्याभराने, ९ फेब्रुवारीला, चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी असलेल्या प्लिमथने रायन हार्डीच्या पेनल्टीवर लिव्हरपूलला १-० असे बाहेर काढले, तेव्हा मात्र ती हळहळ थोडी कमी झाली.

चित्र स्वच्छ होते आणि सामने आपल्याकडे संध्याकाळी किंवा रात्री सोयीच्या वेळी येत. समालोचन फक्त इंग्रजीत असल्यामुळे शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांना खेळाडूंची नावे मलाच सांगावी लागली. खरी तक्रार प्रक्षेपणाच्या विलंबाची आहे. १७ मे रोजी रात्री ९ वाजता क्रिस्टल पॅलेस आणि मँचेस्टर सिटी यांच्यातील अंतिम सामना सुरू झाला. सोळाव्या मिनिटाला पॅलेसच्या एबेरेची एझेने गोल केला. पुढे सिटीला पेनल्टी मिळाली आणि त्यांचा प्रमुख गोलवीर हालांड याच्याऐवजी ओमर मार्मूश चेंडू ठेवून मागे सरकला. माझ्या पडद्यावर तो अजून धावायला लागलाही नव्हता, तोच समोरच्या घरातून, जिथे केबलवर सामना चालू होता, पोरांचा जल्लोष कानावर आला. पॅलेसचा गोलरक्षक डीन हेंडरसनने पेनल्टी अडवलेली मी पाहिली, पण निकाल आधीच कळला होता. ज्या क्षणासाठी माणूस सगळा हंगाम जागतो, नेमका तोच असा हातचा जावा, ही या सेवेतील गंभीर त्रुटी आहे.

सामना १-० असाच संपला आणि पॅलेसला पहिला मोठा चषक मिळाला. १९९० मध्ये हाच क्लब अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडशी ३-३ बरोबरीत राहून फेरलढतीत हरला होता, आणि २०१६ मध्ये त्याच युनायटेडने त्याला जादा वेळेत हरवले होते. शिटी वाजली तेव्हा वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या हंगामासाठीही मी हे सदस्यत्व घेणार आहे, मात्र अंतिम सामन्याच्या रात्री समोरच्या घरी जाऊन बसणार आहे.