माती की मॅट? कबड्डीतल्या पोरांच्या गुडघ्यांचा हिशेब

मातीवरच्या जखमा दिसतात. कोपर सोलतं, गुडघा खरचटतो, घरी आई ओरडते. साबणाने धुवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघायचं, चार दिवसांत खपली. मैदान मात्र राखावं लागतं. खडे वेचायचे, पाणी मारायचं. आमच्याकडे पाण्याची पाळी ज्याची, त्याला नेमका त्याच दिवशी क्लास असतो! मग कडक जमिनीवर पकड झाली की खांदाच आपटतो.

मॅटवरची दुखापत दिसत नाही, म्हणून मला तिचीच जास्त धास्ती. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट चिकटून बसतो. चढाईला गेलेला पोरगा मध्यरेषेकडे झपकन वळतो, अंग फिरतं, पाऊल तिथंच राहतं. तो पीळ गुडघा सोसतो. आतला लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटला तर बऱ्याचदा शस्त्रक्रिया, आणि नऊ महिने ते वर्षभर खेळ बंद. मॅटच्या तुकड्यांमधल्या फटीत अंगठा अडकतो, ते वेगळंच.

पण प्रो कबड्डी २०१४ पासून मॅटवरच चालते, मोठ्या स्पर्धाही मॅटवर. टाळून चालणार नाही. वर्षभर माती आणि स्पर्धेच्या सकाळी एकदम मॅट, हा तर दोन्हींपेक्षा वाईट प्रकार. चौदाच्या आतल्यांना मी मातीच देईन. पुढे आठवड्यातून दोन दिवस मॅट, तेही एका पायावर उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरता आलं तरच.