एडवर्ड आठव्याचा 'पॅटर्न' रुपया घेतला, राजाचं तोंडच उलटीकडे!

साडेचारशेत एडवर्ड आठव्याचा ब्रिटिश इंडिया रुपया मिळतोय म्हटल्यावरच खरं तर कळायला हवं होतं, पण लिस्टिंगवर 'रेअर पॅटर्न १९३६' (पॅटर्न म्हणजे टांकसाळीने नमुन्यादाखल पाडलेलं नाणं) लिहिलेलं आणि फोटो इतका झकास की रात्री साडेअकराला ऑर्डर टाकून मोकळा झालो. ओरिजिनल नसणार हे माहीत होतंच हो, निदान चांगली कॉपी तरी येईल असं वाटलेलं.

पॅकिंग मस्त, कॅप्सूल (नाणं ठेवायची पारदर्शक डबी) चांगली, त्याला पूर्ण मार्क. नाणं हातात घेतलं आणि हलकं लागलं. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम असतो, हा काट्यावर जेमतेम ९ भरला, वर चुंबकाला चिकटला! टेबलावर टाकला तर खणखण नाही, बद्द आवाज. कडेचे कंगोरे पण मध्येच पुसट झालेत. चला, कॉपी आहे, सोडून देऊ.

पण एक गोष्ट नाही सोडवत. राजाचं तोंड उजवीकडे केलंय. आता तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, तर या राजाच्या बाबतीत सगळी गंमत तिथेच आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स दुसऱ्यापासून रीत अशी की एका राजाचं तोंड डावीकडे असेल तर पुढच्याचं उजवीकडे. पंचम जॉर्जचं डावीकडे होतं म्हणजे एडवर्डचं उजवीकडे यायला हवं, पण हा गडी अडून बसला, माझी डावी बाजू चांगली दिसते, भांग त्या बाजूला आहे, तीच घ्या. शेवटी शिल्पकार हम्फ्री पॅजेटने केलेला चेहरा डावीकडे बघणाराच राहिला. १ जानेवारी १९३७ ला नाणी चलनात यायची होती आणि ११ डिसेंबर १९३६ ला राजाने गादीच सोडली, झालं, नमुन्यादाखल पाडलेली मोजकी नाणी तेवढी उरली. त्यातलं एक सोव्हरिन, म्हणजे सोन्याचं नाणं, २०२० मध्ये दहा लाख पौंडाला गेलं. मग भाऊ सहावा जॉर्ज आला तर त्याचंही तोंड डावीकडे, म्हणजे एडवर्डचं उजवीकडे होतं असं सरळ धरून चालले की काय!

एडवर्डच्या तीन पेन्सच्या नाण्याचं तर अजून भारी आहे. बारा कोनांचं नवीनच नाणं, म्हणून नाणं टाकून चालणाऱ्या मशीनवाल्यांना टेस्टिंगसाठी थोडे नमुने दिले, त्यातले काही परत आलेच नाहीत. कोणाच्या तरी खिशात गेले आणि आज लिलावात येतात.

आणि इंडियाचं म्हणाल तर आपल्याकडे १९३६ ची जी ब्रिटिश इंडियाची नाणी आहेत ती पंचम जॉर्जच्याच नावाने आहेत, एडवर्डचा रुपया चलनात कधी आलाच नाही. तेव्हा सेलर 'पॅटर्न' म्हणतोय ते चूकच, पॅटर्न टांकसाळ स्वतः पाडते. नंतर कोणीतरी कल्पनेने बनवलेल्याला फँटसी कॉइन म्हणतात, आणि तसं लिहून विकलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. मेसेज केला तर उत्तर आलं 'सर सेम टू सेम ओरिजिनल पीस'. भांगाचं विचारलं, त्यावर अजून रिप्लाय नाही.

एडवर्डच्या नावाचं खरं काही हवं असेल तर कच्छची पाच कोरी बघा, कोरी हे त्या संस्थानाचं चलन. संस्थानाने १९३६ मध्ये त्याच्या नावाने पाडली, चांदीची आहे, एका बाजूला फारसीत राजाचं नाव आणि दुसरीकडे नागरीत कच्छचे राजे महाराव खेंगारजींचं, वर त्रिशूळ, चंद्रकोर, कट्यार. चेहराच नाही, म्हणजे डावी उजवी भानगडच नाही. पैसे जास्त जातील, पण माहितीतल्या डीलरकडून घ्या आणि आधी वजन करून बघा.

पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक कॅप्सूलचा. रिटर्नच्या फंदात पडलो नाही, कॅप्सूल काढून घेतली आणि रुपया लेकीच्या भातुकलीत दिला, सध्या तो तिथे पोळीचं ताट आहे.