‘फ्रँकेन्स्टाइन’ घ्यायची तर १८१८ची

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ विकत घेताना मुखपृष्ठ आणि किंमत नंतर बघा. आत १८१८ची संहिता छापली आहे की १८३१ची, हे आधी तपासा. दोन्हींचं नाव एकच, पण लेखिकेने १८३१च्या आवृत्तीसाठी कादंबरीत बरेच बदल केले. स्वस्त प्रतींवर अनेकदा यातली कोणती संहिता आहे, हे लिहिलेलंच नसतं.

ओळखायला सोपी खूण म्हणजे एलिझाबेथ. नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची ही वाग्दत्त वधू १८१८मध्ये त्याची सख्खी आतेबहीण आहे; १८३१मध्ये मात्र कोमो सरोवराजवळच्या गरीब कुटुंबातून घरी आणलेली पोरकी मुलगी. दुसरी खूण प्रकरणांची. सुरुवातीच्या चार पत्रांनंतर क्रमांक सलग २४पर्यंत जात असतील, तर प्रत १८३१ची. १८१८ची कादंबरी तीन खंडांत आहे: ७, ९ आणि ७ प्रकरणं. लेखिकेच्या प्रस्तावनेवरून मात्र निष्कर्ष काढू नका. जिनिव्हा सरोवराकाठचा १८१६चा पावसाळी उन्हाळा आणि भुताची गोष्ट लिहिण्याची कवी बायरन यांची सूचना सांगणारी ही प्रस्तावना १८३१ची असली, तरी १८१८च्या संहितेबरोबरही ती परिशिष्ट म्हणून छापलेली आढळते.

एवढी चिकित्सा कशाला? तर व्हिक्टरच्या अपराधासाठी. १८१८चा व्हिक्टर स्वतःच्या हाताने आठ फुटी जीव घडवतो, त्याने डोळे उघडताच किळस येऊन पळतो आणि पुढच्या प्रत्येक मृत्यूला जबाबदार ठरतो. १८३१मध्ये तोच नियतीला बोल लावत राहतो. मधल्या वर्षांत मेरी शेली यांनी दोन मुलं आणि नवरा गमावला होता. दैवावरचा हा भर समजू शकतो. तरीही कादंबरीची धार त्याने बोथट होते.

आणखी एक बदल आपल्याला टोचणारा आहे. व्हिक्टरचा जिवलग मित्र क्लेरवाल १८३१मध्ये भारतात यायचं ठरवतो, ते इथल्या भाषांच्या ज्ञानाचा उपयोग युरोपीय वसाहती आणि व्यापार वाढवायला व्हावा म्हणून! पेशवाई बुडाली त्या वर्षी छापलेल्या मूळ कादंबरीत हा बेत नाही.

सिनेमा पाहून पुस्तकाकडे येणाऱ्यांनी विजेचा लखलखाट शोधू नये. नोव्हेंबरची रात्र, रात्रीचा एक, खिडकीवर पाऊस, विझत आलेली मेणबत्ती. त्या जिवाचा जन्म एवढ्यात आटोपतो. जीव कसा ओतला, हे व्हिक्टर मुद्दाम सांगत नाही. तो निर्मिलेला जीव निनावी आहे, आणि मुका तर मुळीच नाही. मिल्टन, प्लुटार्क आणि गटे वाचून तो आपल्या निर्मात्याशी वाद घालतो. दुसऱ्या खंडातली ३ ते ८ ही प्रकरणं (१८३१च्या प्रतीत ११ ते १६) पूर्णपणे त्याच्या तोंडची. इथेच कादंबरीचा प्राण आहे. घाई न करता वाचा.

उणिवा आहेत. सुरुवातीची पत्रं लिहिणारा वॉल्टन, व्हिक्टर आणि तो जीव, तिघांची भाषा सारखीच भरजरी आहे. त्या जिवाने भिंतीच्या फटीतून शेजारच्यांना बघत-ऐकत वर्षभरात बोलायला आणि वाचायला शिकणं पटवून घ्यावं लागतं. तिसऱ्या खंडातला इंग्लंड-स्कॉटलंडचा प्रवास रेंगाळतो. तो भरभर वाचला तरी चालेल. सुरुवातीची पत्रं मात्र गाळू नका. बर्फात अडकलेल्या जहाजावरचा वॉल्टन हाही कीर्तीसाठी इतरांचे जीव पणाला लावणारा माणूस आहे. व्हिक्टर आपली कहाणी नेमकी त्यालाच का सांगतो, हे पत्रं वाचल्याशिवाय कळत नाही, आणि शेवटी खलाशी परत फिरायची मागणी करतात तेव्हाचा पेचही फिका पडतो.

संपादित प्रत हवी असेल तर ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समधली मॅरिलिन बटलर यांची घ्या. तिच्यात १८१८ची संहिता आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर दोन्ही संहिता मोफत मिळतात. उतरवून घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून तीन खंड दिसतात का, तेवढं बघा.