रिझाल वाचायचा: अख्खा की काटछाट केलेला?

फिलिपिन्सच्या इतिहासावर टिपण लिहिणाऱ्या मैत्रिणीला १९५६ च्या वादात कुणाची बाजू घ्यावी ते ठरवता येईना. सिनेटर क्लारो रेक्टो यांना फिलिपिन्सचा राष्ट्रनायक मानला जाणारा लेखक होसे रिझाल याच्या 'नोली मे तांगेरे' (१८८७) आणि 'एल फिलिबुस्तेरिस्मो' (१८९१) या कादंबऱ्या मूळ, अखंड रूपात सक्तीने शिकवायला हव्या होत्या. या कादंबऱ्यांत चर्चवर टीका आहे, म्हणून कॅथलिक धर्मगुरूंचा त्याला कडाडून विरोध होता.

आशयाच्या कसोटीवर अखंड प्रतच सरस. 'नोली'तला पाद्री दामासो हाच नायिका मारिया क्लाराचा खरा बाप. ते झाकलं तर तिची सगळी शोकांतिकाच कळेनाशी होते. चोरीचा आळ आलेला पोरगा क्रिस्पिन आणि त्याच्यापायी वेडी झालेली आई सिसा यांचं दुःखही चर्चच्या आवारातच सुरू होतं. टीका वगळून यातलं काय शिकवणार?

श्रद्धेच्या कसोटीवर मात्र विरोधकांचं म्हणणं मला खरंच वजनदार वाटतं. पोराला त्याच्या विवेकाविरुद्ध वाचायला लावणं हीही जबरदस्तीच. शेवटी झालेल्या कायद्याने तोडगा काढला: शपथेवर लेखी कारण द्या, अखंड प्रत वाचण्यातून सूट मिळवा, अभ्यासक्रम मात्र चुकणार नाही.

कष्ट दोन्हीकडे सारखेच. मूळ स्पॅनिश, म्हणून भाषांतरं आणि स्वस्त आवृत्त्या लागणारच.

कॉलेजच्या वर्गाला अखंड प्रतच द्यावी. लहान मुलांना निवडक प्रकरणं पुरतात, पण दामासोला न वगळता. ज्याची श्रद्धा खरोखर आड येते, त्याच्यासाठी सूट ठेवावी.