'द डार्क नाइट राइजेस': दोर सोडून मारलेली उडी

एखाद्या मालिकेचा शेवटचा चित्रपट बघताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं, की गोष्ट खरोखर संपते आहे का. सुपरहिरोंच्या बाबतीत हे क्वचित घडतं, कारण शेवटाच्या पोटात पुढच्या भागाची तयारी दडलेली असते. क्रिस्टोफर नोलनने 2005 मध्ये 'बॅटमन बिगिन्स'पासून सुरू केलेली गोष्ट जुलै 2012 मध्ये 'द डार्क नाइट राइजेस'ने संपवली, आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. तिघांमध्ये बांधणी सगळ्यात पक्की आहे ती दुसऱ्या भागाची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझा जीव अडकलाय तो या तिसऱ्यात. पुढे सगळी कथा, अगदी शेवटासकट, उघड लिहिते आहे. चित्रपट बघायचा राहिला असेल तर आधी तो बघा.

सुरुवातीलाच आपल्याला भेटतो तो काठी टेकत चालणारा ब्रूस वेन. दुसऱ्या भागातला सरकारी वकील हार्वी डेंट याच्या मृत्यूला आठ वर्षं झालीत. त्याच्या नावाने केलेल्या कायद्यामुळे शहर शांत आहे, आणि ती शांतता एका खोट्यावर उभी आहे, की डेंट नायक म्हणून मेला. ब्रूस बंगल्याच्या बाहेर पडत नाही. गुडघ्यातली कूर्चा संपलीय असं डॉक्टर सांगतो. क्रिश्चन बेल इथे जे करतो त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असं मला वाटतं. खांदे पडलेले, नजर समोरच्या माणसाच्या पलीकडे कुठेतरी. खलनायक बेन शहरात आल्यावर हा माणूस पुन्हा मुखवटा चढवतो तेव्हा सगळे म्हणतात, बॅटमन परतला. एकटा आल्फ्रेड, घरचा जुना सेवक, ओळखतो की हा मरायला निघालाय.

जिन्यावरचा तो प्रसंग. आल्फ्रेड झालेला मायकल केन रडत रडत ब्रूसला सांगतो की तुझं जिच्यावर प्रेम होतं त्या रेचलचं पत्र मीच जाळलं, तिने हार्वीला निवडलं होतं. हे सांगितल्यावर हा मुलगा आपला तिरस्कार करणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी तो सांगतो, कारण मुलगा जिवंत राहिला पाहिजे. आणि मग तो घर सोडून जातो. दोन भाग आपण आल्फ्रेडचा हजरजबाबीपणा आवडीने ऐकलेला असतो, म्हणून त्याचं जाणं एवढं लागतं. पुढचा बराच वेळ चित्रपटात आल्फ्रेड नाही आणि ती उणीव मला प्रत्येक प्रसंगात जाणवते. नोलनने ती मुद्दाम तशीच ठेवली असावी.

बेनबद्दल थोडं. जोकरनंतर खलनायक कोण, या प्रश्नाचं ओझं टॉम हार्डीच्या डोक्यावर होतं. दुसऱ्या भागात जोकर झालेला हीथ लेजर जानेवारी 2008 मध्ये गेला. या चित्रपटात जोकरचं नावसुद्धा कोणी उच्चारत नाही, आणि मला तो आदर योग्य वाटतो. हार्डीने तुलनेची शक्यताच ठेवली नाही. तोंडावर कायम मुखवटा, त्यामुळे अभिनयाला उरतात फक्त डोळे, मान आणि कोटाची कॉलर धरून उभं राहण्याची ती ढब. आवाज मात्र जड धातूतून आल्यासारखा, जवळजवळ पाहुणचार केल्यासारखा सभ्य. भुयारातल्या पहिल्या मारामारीत पार्श्वसंगीत थांबतं. पाणी कोसळण्याचा आवाज, ठोसे आणि बेनचं बोलणं, एवढंच. बॅटमन आपल्या जुन्या युक्त्या काढतो, दिवे घालवतो, आणि समोरचा जागचा हलतसुद्धा नाही. शेवटी बेन त्याला उचलून गुडघ्यावर आपटतो. 1993 च्या कॉमिकमधलं ते प्रसिद्ध चित्र ज्यांनी पाहिलंय त्यांना हे येणार हे माहीत असतं. तरी बघवत नाही.

पाठ मोडलेल्या ब्रूसला बेन ज्या विहिरीत टाकतो, आता त्या विहिरीकडे येते, कारण हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठी.

मी प्रस्तरारोहण शिकवते. चित्रपटांतलं कडे चढणं बघताना सहसा माझं मन पात्रांवरून उडून होल्ड, म्हणजे हातापायाच्या पकडी, आणि गाठींवर जातं. इथे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. जमिनीखाली खोल गेलेला तुरुंग, वर आभाळाचा एक गोल तुकडा, आणि भिंत चढून सुटायला सगळ्यांना मोकळीक. कंबरेला दोर बांधून चढायचं, एका टप्प्यावर लांब उडी घेऊन समोरची कड पकडायची. ब्रूस पडतो, झोका खाऊन भिंतीवर आदळतो. कंबर आणि मांड्यांना पेलणारा हार्नेसचा पट्टा नाही, दोर थेट कंबरेला. अशा पडण्यात सगळा झटका कंबर आणि बरगड्या खातात. त्याचं ते कण्हणं मला खोटं वाटलं नाही. पाठीचा निसटलेला मणका ठोसा मारून बसवण्याचा प्रकार मात्र कोणत्याही डॉक्टरला पटणार नाही, आणि तेवढं मी चित्रपटाला देऊन टाकते.

मग तो आंधळा म्हातारा कैदी ब्रूसला सांगतो की तुला मरणाची भीती वाटत नाही, याला तू ताकद समजतोस, पण तीच तुझी कमजोरी आहे. भीतीच नसेल तर शरीर आपली शेवटची ताकद बाहेर काढेल कशाला? इथून एकदाच सुटलेल्या त्या लहान मुलासारखा चढ, दोराशिवाय.

शिकवताना मी हे रोज बघते. दोर बांधलेला असला की अवघड जागी मनाचा एक भाग आधीच पडायची तयारी करत असतो. हात कड पकडायला जातात, पण नजर खाली, बिले देणाऱ्याकडे, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याकडे. उडी अर्धी मारली जाते. मी कुणालाही दोराशिवाय चढू देत नाही, कधीच देणार नाही. शिकणाऱ्याला जिवंत खाली आणणं हे माझं काम आहे. पण त्या म्हाताऱ्याने जे ओळखलं ते खरं आहे. आणि ब्रूसच्या बाबतीत ते नेमकं लागू पडतं. पहिल्या भागात त्याने भीतीवर मात केली होती, वटवाघळांच्या थव्यात ताठ उभा राहिला होता. आठ वर्षांत ती मात इतकी पूर्ण झाली की जगण्याशीच त्याचं काही देणंघेणं उरलं नाही. विहिरीत त्याला ती भीती परत मिळवायची आहे. तीन चित्रपटांच्या प्रवासाला मिळालेलं इतकं सुंदर वळण मी सुपरहिरोंच्या दुसऱ्या कुठल्याही मालिकेत पाहिलेलं नाही.

तो शिदोरी बांधतो, कोट चढवतो. खाली कैद्यांचा घोष सुरू होतो, 'देशी बसारा', म्हणजे वर ये. संगीतकार हान्स झिमरने या घोषासाठी जगभरातल्या चाहत्यांकडून त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून मागवले होते, आणि त्या गर्दीचं वजन कानाला जाणवतं. तो कडेवर येतो, तोच भिंतीतल्या भोकातून वटवाघळं फडफडत बाहेर पडतात. तो दचकतो. बेलच्या चेहऱ्यावरचा तो दचका मी थांबवून थांबवून पाहिलाय. भीती परत आली आहे. पुढच्या क्षणी उडी.

बाहेर आल्यावर तो जे करतो ते मला उडीइतकंच आवडतं. तो वरचा दोर खाली सोडतो, बाकीच्यांसाठी. कुठलाही चांगला गिर्यारोहक माथ्यावर पोचल्यावर आधी हेच करेल. त्याच्या मागे वाळवंटावर उभा दिसतो तो जोधपूरचा मेहरानगड. आतली विहीर इंग्लंडमधल्या सेटवर, बाहेरचा उजेड राजस्थानातला, आणि दोन्हींची सांधेजोड कुठे कळत नाही.

इथून चित्रपट ढिला पडतो. वाळवंटातला हा माणूस, खिशात काही नाही, सैन्याने आणि बेनच्या बॉम्बच्या धाकाने बंद केलेल्या गॉथममध्ये थेट हजर होतो. कसा, ते कोणी सांगत नाही. महिनोन्‌महिने भुयारात अडकलेले पोलीस बाहेर येतात आणि सरळ रांगा करून लढायला निघतात. ब्रूसची विश्वासू सहकारी मिरांडा म्हणजेच पहिल्या भागातल्या खलनायकाची, रा'स अल गूलची मुलगी तालिया, हा उलगडा मारियों कोतियारच्या वाट्याला फार उशिरा येतो आणि तिला पुरेशी जागा मिळत नाही. बेनसारख्या माणसाला एका धडाक्यात उडवून मोकळं होणं तर मला आजही रुचत नाही. तालियाचं प्रेम कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तिथे हार्डीला अजून दोन मिनिटं मिळायला हवी होती.

पण याहून मोठी उणीव वेगळी आहे. दुसऱ्या भागात दोन बोटींवरची माणसं होती. समोरची बोट उडवायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं, आणि गॉथमच्या सामान्य माणसावरचा विश्वास तिथे कसाला लागला. या भागात बेन शहर जनतेच्या हाती देतो म्हणतो, श्रीमंतांची घरं लुटली जातात, पहिल्या भागातला खलनायक डॉ. क्रेन याचं न्यायालय माणसांना बर्फावर मरायला पाठवतं, पण जनता कुठे आहे? एक घर, एक दुकानदार, एक शेजारी आपल्याला नीट भेटत नाही. ज्या शहरासाठी हा माणूस जीव द्यायला निघालाय त्याचे चेहरे दिसायला हवे होते.

चोरटी सेलिना कायल म्हणून अ‍ॅन हॅथवे अव्वल आहे. तिला चित्रपटात कोणी कॅटवुमन म्हणत नाही, डोक्यावर सरकवलेला चष्माच मांजराच्या कानांसारखा दिसतो, आणि घाबरल्याचं सोंग एका श्वासात टाकून देणं तिला जसं जमतं तसं फार थोड्यांना जमतं.

शेवटाकडे, बॉम्ब आपल्या यानाने शहराबाहेर न्यायला निघताना, बॅटमन पोलीसप्रमुख गॉर्डनला आपली ओळख देतो, पण नाव सांगून नाही. एका लहान मुलाच्या खांद्यावर कोट घालून जग संपलेलं नाही असा धीर देणारा माणूसही नायक असू शकतो, एवढंच तो बोलतो. गॉर्डनला ती रात्र आठवते आणि गॅरी ओल्डमनचा चेहरा पालटतो. पहिल्या भागातला तो छोटासा प्रसंग सात वर्षांनी असा फळाला येतो. आणि फ्लॉरेन्समधल्या कॅफेत ब्रूस जिवंत दिसतो यावरून चाहते अजून वाद घालतात की ते आल्फ्रेडचं स्वप्न असेल. मला यात वाद दिसत नाही. यानाचं स्वयंचलित उड्डाण ब्रूसने दुरुस्त करून ठेवल्याचं त्याची यंत्रं बनवणाऱ्या फॉक्सला त्याच्या आधीच कळलेलं असतं. शिवाय विहिरीत ज्याला मरणाची भीती परत मिळाली, तो जगणारच. तो मेला असता तर म्हाताऱ्याचे शब्द आणि ती उडी दोन्ही वाया गेली असती.

बघायचाच असेल तर पहिला भाग आधी बघा, दुसरा ऐन वेळी राहिला तरी चालेल. विहीर, वटवाघळं, गॉर्डनचा कोट, रा'स अल गूल, सगळ्याची मुळं पहिल्यात आहेत. पावणेतीन तासांचा आहे, तेव्हा रात्री उशिरा लावू नका. मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला तर तिथेच गाठा. तासाभराहून जास्त भाग आयमॅक्सच्या फिल्मवर चित्रित केलाय, आणि सुरुवातीचं विमान शेपटीकडून लटकतं तेव्हा त्या फ्रेमची उंची घरच्या पडद्यावर कळत नाही. घरीच बघणार असाल तर चांगले हेडफोन लावा, बेनचा प्रत्येक शब्द कळला पाहिजे.