पावती खरी, पैसे चोरीचे

परदेशी विद्यापीठांची फी भरायची मुदत जवळ आली की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "फी आम्ही भरतो, 5 ते 10 टक्के सूट. आधी पावती बघा, मगच पैसे द्या." ठग आधी पैसे मागतो अशी आपली समजूत. इथे तो आधी काम करून दाखवतो, म्हणून सावध मुलंही फसतात.

एजंट म्हणवणारा माणूस विद्यार्थी क्रमांक आणि जन्मतारीख विचारतो. काही जण पोर्टलचा पासवर्डही मागतात. घरच्यांना परस्पर फी भरता यावी म्हणून बऱ्याच विद्यापीठांच्या पोर्टलवर नुसत्या क्रमांकावर आणि जन्मतारखेवर कुणालाही पैसे भरता येतात. ही सोय त्याच्या पथ्यावर पडते. तो चोरलेल्या कार्डाने फी भरतो. पोर्टलवर बाकी शून्य दिसते, विद्यापीठाचा ईमेलही येतो, आणि यातलं काहीच बनावट नसतं. मग विद्यार्थी ठरलेली रक्कम कुणा तिसऱ्याच्याच खात्यात किंवा क्रिप्टो वॉलेटमध्ये पाठवतो.

पुढे मूळ कार्डधारकाला स्टेटमेंटमध्ये अनोळखी विद्यापीठ दिसतं. तो तक्रार करतो आणि बँक ती रक्कम विद्यापीठाकडून परत घेते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण 120 दिवसांची मुदत असते, त्यामुळे सत्र अर्धं उलटून गेल्यावरही हे घडू शकतं. पूर्ण फी पुन्हा थकबाकीत येते, वर विलंब शुल्क लागतं. नोंदणी अडली की देशात राहण्याचा परवानाच धोक्यात. चोरीच्या पैशाने फी कशी भरली गेली, याचा खुलासाही विद्यार्थ्याकडेच मागतात.

गोम अशी की कार्डाचा व्यवहार उलटवता येतो, खात्यातून किंवा क्रिप्टोत गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत. ठग विद्यापीठाला पहिल्या मार्गाने देतो आणि तुमच्याकडून दुसऱ्या मार्गाने घेतो. सूट द्यायला त्याचं काय जातं? विद्यापीठांसाठी परदेशातून फी स्वीकारणाऱ्या फ्लायवायर किंवा कन्व्हेरासारख्या अधिकृत कंपन्यांची कमाई मुख्यतः विनिमय दरातल्या फरकावर असते. त्यातून फीच्या दहा टक्के सोडणं परवडणारं नाही.

अशा कंपनीकडे व्यवहार नोंदवला की बँकेला द्यायच्या सूचनांचा कागद मिळतो: रक्कम, खाते, संदर्भ क्रमांक. काही ठग तोच पावती म्हणून पुढे करतात. त्याचा अर्थ एवढाच की पैसे अजून भरायचे आहेत.

"आमचं बँक खातं बदललं" असा ईमेल आला तर आयबॅन (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक) तपासून समाधान मानू नका. त्यातले दोन तपासणी अंक क्रमांकाची रचना बरोबर असल्याचं सांगतात, खातं कुणाचं ते नाही. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा, तिथलं खातं पडताळा आणि फी कार्यालयाला तिथल्याच नंबरवर फोन करा. पैसे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खात्यातूनच जाऊ द्या. बँक शुल्क कोण भरणार हे आधी ठरवा: "ओयूआर" पर्यायात पाठवणारा भरतो, "एसएचए"मध्ये शुल्क दोघांत वाटलं जातं, आणि वाटेतल्या बँकेची कपात होऊन फी थोडी कमी पोचू शकते. त्या उरलेल्या बाकीच्या धास्तीनेही मुलं एजंटकडे वळतात. विद्यापीठांनी जन्मतारखेऐवजी विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेल्या एकवेळच्या लिंकवरूनच बाहेरच्यांना फी भरू दिली, तर या धंद्याचं निम्मं भांडवल संपेल.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला फोन करून व्यवहार परत मागवण्याचा अर्ज द्या. परदेशी व्यवहार असेल तर त्याचा 36 अक्षरांचा यूईटीआर क्रमांक मागा; त्यावरून पैसे कुठे पोचले ते बँकेला शोधता येतं. पैसे समोरच्याच्या खात्यात जमा झाले असतील तर बहुधा त्याची संमती लागते, म्हणून घाई हवी. पासवर्ड बदला, चॅट पुसू नका, पोलीस तक्रारीची प्रत घ्या. पोर्टलवर बाकी अजून शून्य दिसत असली तरी फी कार्यालयाला आधी तुम्हीच लेखी कळवा, आणि विलंब शुल्क माफ करून हप्ते पाडून द्यावेत ही विनंती त्याच पत्रात घाला.