मुखाची नायिका की कुलहानेकचा माणूस?

प्रागहून भिंतीवर लावायला एखादं लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, आणायचं म्हटलं, की आधी चेक चित्रकार आल्फॉन्स मुखाच सामोरा येतो. कप, छत्र्या, वह्या, फ्रिजवरची मॅग्नेट्स, जिकडे बघावं तिकडे फुलांनी वेढलेल्या, केसांच्या लडी मोकळ्या सोडलेल्या त्याच्या नायिका. दुसरा चेक चित्रकार ओल्डर्झिख कुलहानेक मात्र शोधावा लागतो. खरं तर पैसे बदलून घेतले की तो तुमच्या खिशातच असतो. १९९३ पासूनच्या चेक नोटांची चित्रं त्याची, दोन हजारांच्या नोटेवरची गायिका एमा डेस्टिनोव्हासुद्धा. मुखानेही १९१८ नंतर नव्या चेकोस्लोव्हाकियासाठी नोटा केल्या होत्या, पण दोघांमधलं साम्य जवळजवळ तिथेच संपतं.

माध्यम मात्र एकच. घोटलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, डिंक आणि किंचित आम्लाचा हात द्यायचा, दगड ओला करायचा आणि शाईचा रोलर फिरवायचा. ओल्या जागेवर शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. ही युक्ती म्युनिकमध्ये शोधणारा आलोइस झेनेफेल्डर जन्मला होता प्रागमध्येच, १७७१ साली. आपल्याकडे रविवर्मा प्रेसमधून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या त्या याच तंत्राने. दादासाहेब फाळकेही काही काळ त्या प्रेसमध्ये होते. मुखा त्याच घराण्यातला: रंगागणिक वेगळा दगड, छापायला पॅरिसचे व्यावसायिक कारखाने, आणि चित्र लागायचं रस्त्यावरच्या भिंतीवर.

त्याचं ‘जिस्मोंदा’ घ्या. १८९५ च्या पहिल्या दिवशी पॅरिसच्या भिंतींवर लागलेलं फ्रेंच नटी साराह बर्नहार्टच्या नाटकाचं पोस्टर, दोन मीटरहून उंच. नटीच्या हातात ताडाची फांदी, डोक्यामागे बायझंटाइन चर्चमध्ये असते तशी मोझाइकची कमान. पण झग्याच्या आत शरीर शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. खांदा कुठे संपतो, कंबर कुठे वळते, हे झग्याची झूल सांगते, हाडं सांगत नाहीत. मुखा स्टुडिओत मॉडेल उभ्या करून फोटो काढायचा, त्यामुळे पवित्रा खरा असतो. मग बाह्यरेषा जाड करत करत तो माणसाचं नक्षीकाम करून टाकतो. जाहिरातीला हेच हवं असतं. त्याला कमी लेखायचं नाही, पण मानवी देह हा त्याचा विषय होता असं मला वाटत नाही.

कुलहानेकचा (१९४०–२०१३) विषय मात्र तोच होता. त्याच्या चित्रातली पाठ बघा: मणका, फासळ्या, खांद्याची पाती, त्यावर ताणलेले स्नायू, सगळं खडूच्या बारीक फटकाऱ्यांनी उभं केलेलं. जिथे प्रकाश हवा तिथे कागद कोरा सोडलेला. हात तर खास बघावेत. शिरा, सांधे, सुरकुत्या, नखं. शरीर सहसा सुखात नसतं. पिळलेलं, आखडलेलं, कुठेतरी ढकलल्यासारखं. कौशल्य जुन्या युरोपीय उस्तादांच्या तोडीचं, आणि स्वभाव अजिबात गोड नाही. १९७१ मध्ये त्याला अटक झाली, कारण त्याच्या मुद्राचित्रांतून (छापून काढलेल्या चित्रांतून) समाजवादी नेत्यांची बदनामी होते असा आरोप होता. स्टालिनचा विद्रूप केलेला हसरा चेहरा विशेष खुपला होता. महिनाभर कोठडी, पुढे चौकश्यांचा ससेमिरा. ही पार्श्वभूमी कळली की त्याची आखडलेली माणसं वेगळी दिसतात, आणि त्याच हाताने पुढे देशाच्या नोटा काढल्या याची गंमतही वाटते.

आता खरेदीचं. मुखाच्या काळातली मूळ प्रत मोठ्या लिलावांचा माल आहे. तो विचार बहुतेकांनी सोडलेला बरा. मुखा १९३९ मध्ये गेला, चित्रांवरचा हक्क संपला, त्यामुळे दुकानात ‘मुखा’ म्हणून मिळतं ते बहुधा आजचं ऑफसेट छापकाम. भिंग धरा. शिस्तीत ओळीने ठिपके दिसले तर ते पोस्टर आहे, पोस्टरच्याच किमतीत घ्या. खऱ्या लिथोग्राफमध्ये खडूचा वेडावाकडा रवा दिसतो. कुलहानेकच्या प्रतीवर खाली पेन्सिलने सही आणि २३/८० अशा धाटणीचा आकडा असायला हवा: ऐंशीतली तेविसावी. सही छापलेली असेल तर दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारा. प्रागमध्ये व्हल्टावा नदीच्या काठी ‘होलार’ या मुद्राचित्रकारांच्या संस्थेची गॅलरी आहे. विकत घ्यायच्या आधी अशा जागी जाऊन डोळा तयार करून घ्यावा.

माझा कौल कुलहानेकला. एकाच चित्राचे पैसे असतील तर सहीची अस्सल प्रत घ्यावी, सुंदर नक्कल नव्हे. मात्र एक व्यवहाराची गोष्ट. त्याची माणसं बहुधा उघडी असतात, आणि घरी हळदीकुंकू, सत्यनारायण होत असेल तर हॉलमध्ये ती कोण सांभाळणार? हॉलसाठीच हवं असेल तर मुखाचं ‘चार ऋतू’ (१८९६) घ्या, कुणी भुवई उंचावणार नाही. कुलहानेक अभ्यासाच्या खोलीत लावा. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर फ्रेमवाल्याला आम्लरहित माउंट मागा, काच कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्याच्या भिंतीवर बुरशी धरली की कागदावरचे डाग सहजासहजी निघत नाहीत.